कच्ची सुई

भाईंदर पूर्वेला माझी वहिनी ज्या नर्सिंग होममध्ये कामाला होती, त्याच्या मागच्या खोलीत भिंतीवर एक बोर्ड होता. 'कावीळ टाळा! पाणी उकळून प्या. उघड्यावरचे पदार्थ खाऊ नका.' पेंटरकडून लाल अक्षरांत रंगवून घेतलेला, खाली डॉक्टरांचं नाव आणि डिग्र्या. बोर्डाखाली ओटा, आणि ओट्यावर दिवसभराच्या वापरलेल्या सुयांचा ट्रे. ह्याच खोलीत सिस्टर लोक डबा खायच्या. तो बोर्ड पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो उपटून गटारात टाकावासा वाटला. इतकी वर्षं झाली, अजून वाटतं.

हे लिहिताना मी कुणाचंही नाव घेत नाहीये. ती वहिनीची अट. डॉक्टरांची अब्रू जपायची म्हणून मी ती पाळतेय, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गिरगावातली जागा सोडून आम्ही जेसल पार्कात एका नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. दादा, वहिनी आणि मी. मागे मिठागरं, पुढे खणून ठेवलेला रस्ता. नळाला पाणी कमी, म्हणून टँकर. टँकर आला की बिल्डिंगमध्ये गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत भांडणं व्हायची. दादा मुंबईत एका कंपनीच्या ऑफिसात होता. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आणि उरलेल्या वेळात आरोग्यावर काम करणाऱ्या मुलामुलींच्या एका मंडळात. आमचं मंडळ म्हणजे मुख्यतः पत्रकं. लिहायची, सायक्लोस्टाइल करायची, स्टेशनाबाहेर उभं राहून लोकांच्या हातात कोंबायची. पत्रक कसं लिहायचं हे आम्हाला दटावून शिकवलं होतं. पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे आणि दुसऱ्या ओळीत चूक कुणाची ते कळलं पाहिजे. मी घरात बोलायचेही तशीच.

"आल्या आमच्या वन्सं," वहिनी म्हणायची. "आता आमटीत मीठ जास्त पडलं तर त्याचंही पत्रक निघेल."

"मथळा तयार आहे," मी म्हणायचे. "'घराघरात खारट कारस्थान.'"

"बघा हो तुमची बहीण! हिला कोण करून घेणार?"

दादा पेपरातून डोकं वर काढायचा नाही.

वहिनीने नर्सिंगची डिग्री घेतलेली नव्हती. बारावी झालेली, हाताला चपळ, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतली आणि सगळं तिथेच शिकवलं. डॉक्टरांना सगळे 'सर' म्हणत, त्यांच्या बायकोला 'मॅडम'. मॅडम बाळंतपणं करायच्या, सर बाकी सगळं. खाली नर्सिंग होम, वरच्या मजल्यावर त्यांचं घर. वहिनी पांढरी साडी नेसून कामाला निघाली की भाजीवालासुद्धा "सिस्टर, कोथिंबीर ले जाओ" म्हणायचा. तिला ते आवडायचं. का आवडू नये?

तिच्या हाताखाली कुणी नव्हतं, पण तिच्या वर एक होती. उत्तनकडच्या चौक गावातून रोज बसने येणारी, वयाने मोठी सिस्टर. आम्ही घरी तिला 'चौकच्या सिस्टर' म्हणायचो. ह्याच सिस्टरनी वहिनीला सुया करायला शिकवलं. ते काम मी एकदा डबा द्यायला गेले असताना डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगते.

तेव्हा काचेच्या सिरिंजा असत, आणि सुया पुन्हापुन्हा वापरत. संध्याकाळी ट्रेमधल्या वापरलेल्या सुया नळाखाली धरायच्या. आत बारीक तार घालून अडकलेलं रक्त काढायचं. मग धार लावायच्या लहानशा दगडावर एकेक सुई घासायची, कारण दहाजणांना टोचून ती बोथट झालेली असायची. घासताना टोक कधीकधी वळतं. वळलेलं टोक पेशंटला बोचतं. ते वळलंय का हे कसं बघायचं? डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुई डाव्या अंगठ्याच्या पोटाला अलगद लावून ओढायची. अडकली तर पुन्हा दगडावर. सरकली तर ती पास. पास झालेल्या सुया उकळायला जायच्या.

नीट वाचा. सुया उकळायच्या त्या सगळ्यात शेवटी. आधी अंगठा.

वहिनी ह्यात पटाईत होती. ओपीडीत बायका म्हणायच्या, "त्या गोऱ्या सिस्टरना बोलवा, त्यांची सुई लागत नाही." हे ती घरी येऊन सांगायची आणि सांगताना तिचा चेहरा उजळायचा. तिच्या हातचं कौतुक तिच्या अंगठ्यामुळे होतं, हे तिलाही माहीत होतं.

त्या वर्षी चौकच्या सिस्टरना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. सरांनी तपासलं आणि काय सांगितलं असेल? "ह्याला आमच्यात औषध नाही. चेणे गावात एकजण काविळीचं औषध देतो, त्याच्याकडे जा." डिग्र्यांची लांबच लांब रांग लावलेला माणूस आपल्या सिस्टरला माळ बांधणाऱ्याकडे पाठवतो! गेल्या बिचाऱ्या. गळ्यात मुळ्यांची माळ घातली, ती रोज लांब होत गेली म्हणजे कावीळ उतरत गेली असं त्या मानायच्या. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. महिना-दीड महिन्याने निम्म्या होऊन परत आल्या आणि त्याच ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात तो लाल बोर्ड लागला. सरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं म्हणे, "टँकरचं पाणी आहे हे. तुम्ही लोक वाटेल तिथे खाता-पिता, मग आजारी पडता."

वहिनी घरी येऊन पाणी उकळायला लागली. घागरभर पाणी रोज. रॉकेलसाठी तिचा जीव खालीवर व्हायचा, पण पाणी उकळायची.

त्यानंतर आमच्या मंडळात मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई बोलायला आल्या. मध्यमवयीन, कपाळाला मोठं कुंकू, आवाज मास्तरणीचा. त्यांनी फळ्यावर 'हिपॅटायटिस बी' असं लिहिलं. ही कावीळ पाण्यातून येत नाही, रक्तातून येते. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त सुईवर असलं तरी पुरतं. कुणाला पिवळं करते, कुणाला काहीच करत नाही आणि अंगात दबा धरून राहते. अशा बाईकडून बाळंतपणात बाळाला जाते. "आणि हिला लस आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांचा हात रोज सुईला लागतो त्यांनी आधी घ्यायची. आपल्याकडे उलट चाललंय."

मी तिथून उठून तडक घरी आले. वहिनी कणीक मळत होती.

"अंगठा दाखव."

"का? ज्योतिष शिकलात वाटतं?"

"डावा. धुऊन ये."

तिने हसत हसत हात धुतला. अंगठ्याच्या पोटावर बारीक बारीक ठिपके होते. रव्याचे कण चिकटावेत तसे. काही जुने, काळे पडलेले. दोन ताजे.

मी सगळं सांगितलं. पत्रकात लिहिते तसंच सांगितलं असणार, कारण ती भडकली.

"आम्ही पेशंटला कधी कच्ची सुई लावत नाही. उकळून, मोजून, चिमट्याने काढून देतो. तुझ्या त्या डॉक्टरबाईंना सांग."

"पेशंटला उकळलेली. आणि तुला?"

"मला कोण इंजेक्शन देतंय?"

"अंगठ्याला लावतेस ती कच्चीच ना? आधी उकळा, मग घासा, मग पुन्हा उकळा. आणि टोक कापसावर बघा, कापसाचा धागा अडकतो. अंगठा कशाला?"

"कापसावर नाही कळत नीट. आणि दोन-दोनदा उकळून स्टोव्ह जाळला तर सर काय म्हणतील? तुला वाटतं तेवढं सोपं नसतं. सरांपेक्षा तुला जास्त कळतं का?"

"ह्या बाबतीत हो."

"बाई गं!" म्हणून तिने कणकेचा गोळा परातीत आपटला.

अबोला धरला आम्ही. आमचा अबोला फार टिकायचा नाही, कारण तिला आल्याआल्या दिवसभराचं सांगायचं असायचं आणि ऐकायला घरात मीच. असंच एकदा ती हसत हसत सांगत होती. "आज वर काय मजा झाली! सरांच्या घरी सगळ्यांना काविळीची लस दिली. सर, मॅडम, दोन्ही मुलं. धाकट्याने काय गोंधळ घातला म्हणून सांगू! पलंगाखाली जाऊन बसला. चौकच्या सिस्टरनी पाय धरून बाहेर ओढला, 'ये रं बाबा, मुंगी चावल एवढंच,' आणि टोचलं एकदाचं."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "कसली लस?"

"काविळीची. मुंबईहून मागवली होती. फ्रीजमध्ये ठेवावी लागते."

"पाण्यातून येते ना कावीळ?"

"सर तर तसंच म्हणाले," ती म्हणाली.

"मग ते पाणी उकळून का पीत नाहीत? लस कशाला टोचून घेतायत?"

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला फार राग आला होता आणि त्यात एक प्रकारचा आनंदही होता, कारण आता पुरावा मिळाला होता. कावीळ कुठून येते हे सरांना माहीत होतं. सगळं माहीत असताना त्यांनी खाली बोर्ड लावला आणि वर लस घेतली. आणि ती लस टोचली कुणी, तर जिला स्वतःला कावीळ होऊन गेलेली, त्या बाईने.

त्याच सुमारास वहिनीला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर. दादा पहिल्यांदा मोठ्याने हसताना मी तेव्हा बघितला. आणि मला दुसरं काही सुचेना, एकच, की हिचं रक्त तपासून घ्यायला हवं.

"मला काय झालंय?" वहिनी म्हणायची. "डोळे बघ. पांढरेशुभ्र."

"डोळ्यांवर नाही कळत."

"शुभ बोल गं जरा. पहिलटकरीण आहे मी."

शेवटी मीच सरांच्या केबिनमध्ये गेले. जाताना वहिनीला सांगितलं नाही.

"बसा," सर म्हणाले. "तुमचं ऐकून आहे मी. काय शिकता?"

"कॉमर्स."

"मग डेबिट-क्रेडिट बघा. लिव्हर आमच्याकडे राहू द्या."

मी सुयांचं बोलले, दगडाचं, अंगठ्याचं. आधी उकळायला सांगा म्हटलं. सिस्टरना लस द्या म्हटलं. वहिनीचं रक्त तपासा म्हटलं.

"तुम्ही घरात सगळ्यांनी घेतलीत ना लस?"

"माझ्या घरात काय होतं हे सिस्टरने बाहेर सांगायचं नसतं," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आणि ह्या मुली आज आहेत, उद्या नाहीत. लग्न होतं, बाळंतपण येतं, जातात. महागातली लस कुणाकुणाला टोचत बसू? रक्त तपासायला लागलो तर सगळ्या घाबरतील. ओपीडी कोण सांभाळेल? तुमचं मंडळ?"

मी उठले तेव्हा ते म्हणाले, "आणखी एक. ही कावीळ नवऱ्याकडूनही येते. तुमच्या पत्रकात असेलच ते. आधी भावाला विचारा तो कुठे कुठे जातो, मग माझ्या सुईला दोष द्या."

हे वाक्य मी घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. काहीही गाळलं नाही. दादा जेवत होता. त्याने ताट बाजूला सरकवलं, हात धुतला, आणि वहिनीला म्हणाला, "उद्या मी रजा टाकतोय. दोघांचंही रक्त तपासायचं. माझंही."

ज्या डॉक्टरबाई मंडळात आल्या होत्या त्यांच्याच हॉस्पिटलात गेलो. दादाचं रक्त साफ निघालं. वहिनीच्या रक्तात ती होती.

वहिनी रडली नाही. तिने पुन्हापुन्हा विचारलं, "पण मला काही होत नाहीये." डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुठून आली हे कागदावर सिद्ध करता येत नाही. करायला गेलात तर तुम्हीच हराल." मग त्यांनी वहिनीचा अंगठा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"बाळाला?" दादाने विचारलं.

"जन्मल्याबरोबर पहिली लस. त्याच दिवशी, जितकी लवकर तितकी बरी. मग पुढचे डोस. दिली तर बाळ बहुतेक वाचतं. नाही दिली आणि बाळाला गेली, तर एवढ्या लहानपणी आलेली ही कावीळ बहुधा जन्मभर अंगात राहते." त्यांनी तिथेच नाव घातलं. "बाळंतपणाला इथे या. लस मी ठेवते."

म्हणजे आता सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. बाळ आलं की त्याच दिवशी लस.

वहिनीचा स्वभाव सरळ. तिने दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सरांना स्वतः सांगितलं. तिला वाटलं होतं, ते निदान इतर सिस्टरचं रक्त तपासतील. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. पेशंटना कळलं तर एकजण पाय ठेवणार नाही. आणि बाळंतपणालाही इथे नको. इतर बायकांना धोका."

धोका म्हणे! त्यांच्याच ट्रेमधून जे तिच्या अंगात गेलं, त्यासाठी तीच आता धोका झाली. तिचा चहाचा कप कचऱ्यात टाकला. ती बसायची ती खुर्ची फिनेलने पुसली. चौकच्या सिस्टर तिच्या चपला आणि डबा पिशवीत घालून आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी हे सांगितलं.

"तुम्ही तरी रक्त तपासून घ्या," मी म्हटलं.

"मी बरी झालेली हाय. माळ घातली नव्हं मी."

"आणि सुया आता कोण करतं?"

"नवी पोर आलीय. मी शिकवतंय तिला." त्या वहिनीकडे बघेनात. "आता काय करू गो? काम तर करायला लागतं."

वहिनीने त्यांना चहा दिला. मी दिला नसता.

मग ते झालं. दिवस भरायला अजून अवकाश होता. दुपारची वेळ, दादा ऑफिसात, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दाराला धरून खाली बसली. शेजारच्या गुजराती बेनने तिच्याकडे एकदा बघितलं आणि जिन्यातून ओरडली, "रिक्षा बुलाओ, जल्दी!" रिक्षात बसलो. मी म्हटलं, मुंबई. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. "दीदी, इनकी हालत देखो. नाके तक पहुँचे तो बहुत है."

"मग नर्सिंग होम," मी म्हटलं.

वहिनीने पदर दातात धरला होता तो काढला. "तिथे नको. पाया पडते तुझ्या."

"तिथेच."

ओपीडी भरलेली होती. बाकावर बायका, मांडीवर पोरं. मी वहिनीला त्यांच्यातच बसवलं. सर केबिनच्या दारात आले.

"मी सांगितलं होतं, ही केस इथे घेणार नाही. पुढे न्या."

"पुढे कुठे? रस्त्यात होईल."

"तो माझा प्रश्न नाही."

माझ्या शबनम पिशवीत आदल्या दिवशी काढलेली पत्रकं होती. मथळा: 'तुमच्या सिस्टरचा अंगठा बघा!' मी गठ्ठा काढला आणि बाकावरच्या पहिल्या बाईच्या हातात एक दिलं.

"ह्यात ह्या दवाखान्याचं नाव नाही," मी मोठ्याने म्हटलं. "अजून नाही. पण पेन आहे माझ्याकडे."

"कसलं आहे हो ताई?" ती बाई वाचायला लागली. दुसरीने तिच्या खांद्यावरून डोकावलं. "सुयांचं काहीतरी लिहिलंय वाटतं..."

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. तेवढ्यात आतून मॅडम आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सरांकडेही नाही. "आत घ्या हिला," एवढंच म्हणाल्या. दयेने म्हणाल्या की भीतीने, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. भीतीने असेल तर मला चालतं.

मुलगी झाली. छोटीशी, पण रडली चांगली खणखणीत. चौकच्या सिस्टरनी तिला गुंडाळून वहिनीच्या कुशीत दिलं, आणि मी विचारलं, "लस?"

"ती भाईंदरला मिळत नाही," सर दारातून म्हणाले. "उद्या-परवा मुंबईला न्या."

मी बाहेर केमिस्टकडे धावले. "वो तो ऑर्डर देना पड़ेगा, बहनजी. दो-तीन दिन." परत आत आले तेव्हा सर तिथेच होते. "सांगितलं ना मी," ते म्हणाले.

"वर हाय ना, सर," चौकच्या सिस्टर म्हणाल्या. त्या बाळाची दुपटी घडी घालत होत्या, मान वर न करता. "तुमच्या फ्रीजात. धाकट्या बाबाचा राहिलेला तिसरा डोस. मीच ठेवलाय, दारातल्या कप्प्यात, अंड्यांच्या बाजूला."

बाळ कुरकुरत होतं.

"ती माझ्या मुलाची आहे," सर म्हणाले.

तो माणूस हे नुकत्याच जन्मलेल्या बाळासमोर म्हणाला. मी ऐकलं. वहिनीने ऐकलं. त्याच्या बायकोनेही ऐकलं. तिने ग्लोव्ह काढले, कमरेची किल्ली सोडली आणि चौकच्या सिस्टरच्या हातात दिली. "त्याला आपण दुसरी मागवू," ती नवऱ्याला म्हणाली.

सिस्टर लस घेऊन आल्या. सोबत कागदाच्या वेष्टनात नव्या, एकदाच वापरायच्या सिरिंजा. त्या घरातल्यांसाठी मागवलेल्या, खाली कधीच न आलेल्या. सिस्टरनी वेष्टन फाडलं. बाटलीत सुई घातली, औषध ओढलं, बुडबुडा काढला. वहिनी पडल्या पडल्या बघत होती. मी बाळाची मांडी धरली होती.

आणि सिस्टरनी सुई उचलून, वर्षानुवर्षांच्या हाताने, टोक बघायला अंगठ्याकडे नेली.

"सिस्टर, अंगठा!"

वहिनी ओरडली. टाके घातलेल्या अवस्थेत ती कोपरावर उठली आणि तिने सिस्टरचं मनगट धरलं. मी तिला एवढ्या मोठ्याने ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"लागली का? लागली?"

सिस्टर सुईकडे बघत राहिल्या. "न्हाय... म्हायीत न्हाय गो. हात आपसुक गेला."

"फेका ती. दुसरी लावा. नवी आहे ती, तिला धार कसली बघताय? अंगठा माझा झाला, तुमचा झाला. हिच्यात नाही जाऊ द्यायची मी."

सिस्टरनी सुई बदलली. ह्या वेळी त्यांनी डावा हात पाठीमागे धरला आणि एकाच हाताने टोचलं. बाळ किंचाळलं. वहिनी आडवी झाली. सर अजून दारात उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं. सर म्हणताना जिची मान खाली जायची, ती मान वर करून म्हणाली, "सर, सुया आधी उकळा. मग धार लावा."

"तू आराम कर," सर म्हणाले आणि गेले.

पुढचे डोस आम्ही मुंबईला दिले. मुलीचं रक्त नंतर तपासलं. साफ होतं. दादा तो कागद हातात घेऊन हॉस्पिटलच्या पायरीवर बसून राहिला. वहिनीच्या अंगात ती आहेच. तपासण्या चालू आहेत. वहिनीने पेढे केले आणि मॅडमकडे न्यायला मला सांगितलं. मी नेले नाहीत. दादा घेऊन गेला.

नर्सिंग होमच्या मागच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. वर्षभराने तिथून बघितलं तर बोर्ड नव्याने रंगवलेला. 'पाणी उकळून प्या.' अक्षरं आधीपेक्षा मोठी. मी समोरच्या फुटपाथवर पत्रकं घेऊन उभी राहायचे. ती नवी मुलगी डबा घेऊन यायची, माझ्याकडून पत्रक घ्यायची, नीट घडी करून पर्समध्ये ठेवायची आणि आत जायची. एक दिवस मी तिला थांबवलं.

"वाचलंस?"

"हो ना ताई. छान लिहिता तुम्ही."

"अंगठा दाखव."

तिने मूठ मिटली. "उशीर होतोय हो," म्हणाली, आणि आत गेली.